वाचकांचे प्रश्न : पट्टा ओरडतो, दोष कोणाचा?

पाऊस सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक तक्रार हमखास वाढते : सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून कर्कश आवाज येतो. या वेळी इंजिनाच्या बाहेरून फिरणाऱ्या पट्ट्यांविषयी इतकी पत्रे आली की संपूर्ण सदर त्याच विषयाला द्यावे असे ठरवले. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत. मात्र आवाजाचे वर्णन पत्रलेखकांच्याच शब्दांत ठेवले आहे, कारण निदान बहुतेक वेळा त्या शब्दांतच दडलेले असते.

प्रश्न : माझी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक ९२,००० किलोमीटर चालली आहे. पावसाळ्यात सकाळी गाडी सुरू केल्याबरोबर ‘चीं’ असा मोठा, लांबलचक आवाज येतो आणि पंधरा-वीस सेकंदांनी थांबतो. वायपर, दिवे आणि एसी एकदम लावले तर तो पुन्हा येतो. गेल्या चौदा महिन्यांत दोन वेळा फॅन बेल्ट बदलला. दर वेळी महिना-दीड महिना शांतता असते. मेकॅनिक आता म्हणतात की बेल्टला साबण घासा, नाहीतर तिसरा बेल्ट टाका. काय करावे? (एक वाचक, लांजा)

उत्तर : तिसरा पट्टा लगेच घेऊ नये आणि साबण तर मुळीच लावू नये. आपला आवाज लांबट आहे, विजेचा भार वाढला की तो येतो, आणि नवा पट्टा बसवल्यावर काही आठवडे थांबून पुन्हा सुरू होतो. या तिन्ही गोष्टी एकत्र वाचल्या की दोष पट्ट्याच्या दर्जात नसून त्याच्या ताणात आहे, असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते.

सारंगीच्या तारेवरून गज फिरतो तेव्हा तो तारेला क्षणभर चिकटतो, सुटतो आणि पुन्हा चिकटतो. सेकंदाला शेकडो वेळा होणाऱ्या या धरसोडीतून सूर निघतो. सैल पडलेला रबरी पट्टा पुलीवर घसरू लागला की हेच घडते. तो घसरतो बहुधा अल्टरनेटरच्या, म्हणजे गाडीसाठी वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या पुलीवर, कारण ती लहान असते, पट्ट्याचा विळखा तिच्याभोवती तोकडा असतो आणि क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या पुलीपेक्षा ती साधारण अडीच ते तीन पट वेगाने फिरते. सकाळी स्टार्टरने उपसलेली बॅटरी भरून काढण्यासाठी अल्टरनेटरला पहिल्या मिनिटातच जोर लावावा लागतो, आणि त्यात पावसामुळे दिवे, वायपर व ब्लोअर यांची भर पडते. हिशेबच मांडायचा तर १४ व्होल्टला ८० अँपिअर म्हणजे १,१२० वॅट होतात. अल्टरनेटरची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर तेवढ्या विजेसाठी पट्ट्याकडून सुमारे १,८७० वॅट, म्हणजे अडीच अश्वशक्ती ओढली जाते. बोटभर रुंदीच्या, थंड आणि दमट पट्ट्याने हा भार एका लहानशा पुलीवर पेलायचा असतो. ताण थोडा जरी कमी असला तरी तो तिथे हार मानतो आणि बॅटरी भरत आली, रबर तापून कोरडे झाले की गप्प होतो.

खात्रीसाठी एक सोपी चाचणी आहे. आवाज चालू असताना फवाऱ्याच्या बाटलीतून थोडेसे साधे पाणी पट्ट्याच्या आतल्या, म्हणजे लांबीभर शिरा असलेल्या बाजूवर मारावे. किंकाळी वाढली तर पट्टा सैल आहे. आवाज क्षणभर पूर्ण थांबून काही सेकंदांनी परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. काहीच फरक पडला नाही तर पट्टा निर्दोष असून एखादे बेअरिंग वाजत आहे. ही चाचणी करताना हात आणि कपडे पट्ट्यापासून व पंख्यापासून दूर ठेवावेत.

आता ताणाकडे वळू. आपल्या गाडीत ताण देण्याची कोणती सोय आहे, हे प्रथम पाहावे. पुष्कळ लहान गाड्यांत अल्टरनेटर सरकवून किंवा एक लांब बोल्ट पिळून पट्टा ताणला जातो. अशा गाडीत नवा पट्टा पहिल्या काही दिवसांत पुलीच्या खाचांत नीट बसतो आणि किंचित सैल होतो. त्यामुळे दोन-तीनशे किलोमीटरनंतर ताण पुन्हा तपासणे आवश्यक असते. आपल्याकडे ही दुसरी भेट कोणी घडवून आणत नाही. गाडी गॅरेजमधून गप्प निघाली म्हणजे काम संपले असे मानले जाते आणि दीड महिन्याने पट्ट्याला दोष दिला जातो. आपल्या बाबतीत हेच झाले असण्याची शक्यता मला सर्वाधिक वाटते.

गाडीत स्प्रिंगचा स्वयंचलित टेन्शनर, म्हणजे पट्टा सतत ताणून धरणारा हात असेल तर तपासणी वेगळी असते. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन चालू असताना, टेन्शनरचा हात जवळजवळ स्थिर दिसला पाहिजे. तो तीन-चार मिलिमीटरहून अधिक थरथरत असेल तर आतील घर्षणाची सोय झिजलेली आहे. इंजिन बंद करून पान्याने तो हात सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहावा. तो कुठे अडकत असेल, खरखरत असेल किंवा अगदी सहज फिरत असेल, तर टेन्शनर बदलण्याची वेळ आली आहे. थकलेली स्प्रिंग नव्या, भरदार शिरांच्या पट्ट्याला कशीबशी सांभाळते; शिरा थोड्या झिजून पट्टा खाचेत खोल बसू लागला की तेवढी ढिलाई ओढून घेणे तिला जमत नाही. नव्वद हजार किलोमीटर चाललेल्या गाडीत पट्टा दोनदा बदलला आणि टेन्शनरकडे एकदाही पाहिले नाही, असे असेल तर चौदा महिन्यांची आपली कहाणी त्यातच आली.

बॅटरीही तपासून घ्यावी. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.४ व्होल्टपेक्षा कमी दाब दिसत असेल तर ती अल्टरनेटरकडून अवाजवी प्रमाणात वीज मागत आहे, आणि पट्ट्याच्या सकाळच्या हालअपेष्टांत तिचाही वाटा आहे.

कोकणातील वाचकांसाठी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. इंजिनाच्या खाली व चाकाच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचे संरक्षक पत्रे असतात. ऑइल बदलताना ते काढले जातात आणि क्लिपा तुटल्या म्हणून परत बसवले जात नाहीत. मग डबक्यातील पाणी आणि जांभ्याची लाल माती थेट क्रँकच्या पुलीवर उडते. ही माती खाचांच्या तळाशी घट्ट बसते, शिरा घासते आणि पट्ट्याला खाचेत पुरते बसू देत नाही. पट्टा काढलेला असताना प्रत्येक खाच नायलॉनच्या ब्रशने व साबणाच्या पाण्याने स्वच्छ करून कोरडी करावी. पॉलिश पेपरने घासू नये, कारण त्याने पुलीचा पृष्ठभाग खरबरीत होतो आणि नवा पट्टा लवकर झिजतो.

साबणाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण हा उपाय सांगणारी माणसे वाईट हेतूने सांगत नाहीत. पिठाच्या गिरणीतील सपाट पट्टा घसरू नये म्हणून त्याला राळ लावण्याची पद्धत जुनी आहे आणि तिथे ती चालून जाते. मोटारीचा पट्टा मात्र शिरांच्या तिरक्या बाजूंनी खाचेत पाचर बसावी तशी पकड घेतो. साबण, मेण किंवा दुकानात मिळणारा चिकट फवारा त्या बाजूंवर थर धरतो, त्यावर धूळ बसते आणि थोड्याच दिवसांत पट्टा काचेसारखा चकचकीत व निसरडा होतो. गंज सोडवण्याचे तेल मारले तर रबर फुगते. या सर्व उपायांनी आवाज तेवढा दबतो. घसरणे चालूच राहते, त्या घर्षणाने पुली तापते आणि अल्टरनेटरच्या बेअरिंगमधील ग्रीस पातळ होते.

प्रश्न : अल्टरनेटर दुरुस्त करून आणल्यापासून गाडी आयडलिंगला ‘चिव-चिव-चिव’ असा चिमणीसारखा आवाज करते. एक्सलेटर दाबला की चिवचिव जलद होते आणि पुढे ऐकू येईनाशी होते. बेल्ट नवाच आहे. पाणी मारले की आवाज थांबतो, पण अर्ध्या मिनिटात परत येतो. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : निदान आपण स्वतःच केले आहे. तुटक, लयीत येणारी आणि इंजिनाच्या वेगाबरोबर जलद होणारी चिवचिव, जी पाण्याने थांबते आणि परत येते, ती पुल्या एका रेषेत नसल्याची खूण आहे. पट्टा तिरका येऊन खाचेत शिरतो, त्याची शीर खाचेच्या भिंतीला घासत आत उतरते आणि प्रत्येक वेळी एक ‘चिव’ उमटते. एका अंशाहून कमी तिरकेपणाही यास पुरेसा असतो. म्हणूनच नुसत्या नजरेला तो दिसत नाही.

अल्टरनेटर दुरुस्तीनंतरच हे सुरू झाले असल्याने शोध तिथूनच करावा. दुरुस्तीच्या वेळी दुसऱ्या अल्टरनेटरची पुली बसवली गेली का, पुलीमागचा स्पेसर (अंतर राखणारी चकती) राहून गेला का, अल्टरनेटर ज्या कानांनी इंजिनाला धरलेला असतो त्यांतील सरकता बुश पूर्ण आवळला गेला का, आणि अल्टरनेटरचा कंस (ब्रॅकेट) वाकलेला तर नाही ना, या चार गोष्टी पाहाव्यात. त्यानंतर इंजिन बंद ठेवून एक खरोखर सरळ लोखंडी पट्टी क्रँकच्या पुलीच्या दर्शनी बाजूवर टेकवावी आणि अल्टरनेटरच्या पुलीपर्यंत आणावी. मात्र दोन्ही पुल्यांच्या कडांची जाडी सारखी नसेल तर तुलना कडांची न करता खाचांची करावी. पट्ट्याच्या एकाच कडेचे धागे निघाले असतील किंवा गुळगुळीत आयडलरवर, म्हणजे पट्ट्याला नुसती वाट दाखवणाऱ्या पुलीवर, पट्टा एका बाजूला सरकून फिरत असेल, तर तिरकेपणाला दुजोरा मिळतो.

पट्टा एक खाच सोडून बसला आहे का, हेही पाहून घ्यावे. सहा शिरांचा पट्टा एका पुलीवर पाचच खाचांत बसलेला आणि सहावी शीर बाहेर लोंबत असलेली मी दोन वेळा पाहिली आहे. अशी चूक असली तरी तो पट्टा आता वापरू नये. त्याच्या शिरा कापल्या गेलेल्या असतात.

प्रश्न : माझ्या गाडीतून सतत ‘घरघर’ येते, जात्यावर दळल्यासारखी. एसी बंद असतानाही येते. एक मेकॅनिक कंप्रेसर बदला म्हणतात, दुसरे अल्टरनेटर म्हणतात. दोन्ही खर्च मोठे आहेत. नेमके कसे ठरवावे? (एक वाचक भगिनी, ठाणे)

उत्तर : दोघांपैकी कोणाचाही सल्ला लगेच मानू नका, आधी पट्टा काढून पाहण्यास सांगा. जात्यासारखी घरघर बेअरिंगची असते आणि पट्ट्याच्या वाटेवर निदान चार-पाच बेअरिंगे असतात : आयडलर, टेन्शनर, अल्टरनेटर, कंप्रेसरची पुली आणि काही गाड्यांत वॉटर पंप. पट्टा काढून इंजिन वीस-तीस सेकंद चालू ठेवावे. आवाज गेला तर दोष यांपैकीच एकात आहे. राहिला तर इंजिनात किंवा टायमिंगच्या, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप सांभाळणाऱ्या आतल्या पट्ट्याच्या वा साखळीच्या, बाजूला आहे. अशा वेळी बॅटरीचा दिवा लागणे स्वाभाविक आहे, परंतु वॉटर पंप त्याच पट्ट्यावर असलेल्या गाडीत इंजिन याहून अधिक वेळ चालवू नये.

मग इंजिन बंद करून, किल्ली काढून, एकेक पुली हाताने फिरवावी. चांगली पुली गुळगुळीत आणि जवळजवळ निःशब्द फिरते. खरखर हाताला जाणवते, पुली पुढे-मागे हलते, किंवा एका टिचकीने गरगर फिरत राहते, म्हणजे बेअरिंगमधील ग्रीस संपलेले आहे. वॉटर पंपाच्या खालच्या बाजूस एक बारीक छिद्र असते; तेथे कूलंटची वाळलेली खपली दिसली तर पंपाचे सील गेले आहे, आणि तो कूलंट पट्ट्यावर उडत असल्यास पट्टाही बदलावा लागेल. कंप्रेसरची पुली एसी बंद असतानाही फिरतच असते, त्यामुळे तिचे बेअरिंग संशयितांत राहते. पण ते गेले म्हणून संपूर्ण कंप्रेसर बदलण्याची गरज असतेच असे नाही, पुष्कळदा केवळ बेअरिंग बदलता येते.

माझ्या स्वतःच्या गाडीत हाच प्रसंग आला होता. एका गॅरेजमध्ये कंप्रेसर बदलण्याचा अंदाजखर्च हाती दिला गेला होता. पट्टा काढून पुल्या फिरवल्या तेव्हा दोष आयडलरच्या बेअरिंगमध्ये निघाला आणि कंप्रेसरच्या खर्चाच्या अगदी लहान भागात काम झाले. तेव्हापासून पट्टा न काढता केलेले कोणतेही निदान मी स्वीकारत नाही.

चालत्या इंजिनावर लांब पेचकसाचे टोक अल्टरनेटरच्या अंगाला टेकवून मूठ कानाजवळ धरण्याची जुनी रीत उपयोगी आहे. तथापि ती अनुभवी माणसाकडूनच करून घ्यावी. चालत्या इंजिनाजवळ वाकताना पदर, ओढणी, गळ्यातील साखळी आणि सैल बाही यांची काळजी घेणे अत्यावश्यक आहे. पट्टा कापड ओढतो तेव्हा हात मागे घेण्याइतका वेळ मिळत नाही. रेडिएटरचा विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, हेही विसरू नये.

प्रश्न : डिझेल गाडी, १,४०,००० किलोमीटर. आयडलिंगला बेल्ट फडफडताना दिसतो, टेन्शनर थरथरतो आणि इंजिन बंद करताना ‘कर्रर्र’ असा आवाज येतो. टेन्शनर नवा टाकला, तोही चार महिन्यांत थरथरू लागला. (एक वाचक, सातारा)

उत्तर : नवा टेन्शनर चार महिन्यांत थकला याचा अर्थ त्याला कोणीतरी सतत हादरे देत आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात. म्हणजे मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या आयडलिंगला सेकंदाला सुमारे २७. प्रत्येक स्फोटाबरोबर क्रँक किंचित पुढे झेपावतो आणि नंतर मंदावतो. डिझेलमध्ये हे हिसके अधिक तीव्र असतात. दुसऱ्या टोकाला अल्टरनेटरचा जड रोटर एकसारख्या वेगाने फिरू पाहतो. या दोघांमध्ये पट्ट्याची ओढाताण होऊ नये म्हणून अनेक डिझेल गाड्यांत अल्टरनेटरवर एकाच दिशेने पकडणारी पुली बसवलेली असते. सायकलचे पेडल थांबवले तरी चाक पुढे फिरत राहते, तसाच हा प्रकार आहे. ही पुली आतून जाम झाली की सगळे हिसके पट्ट्यावर आणि टेन्शनरवर येतात, आणि आपण लिहिलेली तिन्ही लक्षणे दिसू लागतात.

तपासणी अशी : पट्टा काढावा, अल्टरनेटरचा रोटर स्थिर धरावा आणि पुलीचे बाहेरचे कडे दोन्ही दिशांना फिरवून पाहावे. एका दिशेने ती पकडली पाहिजे, किंवा काही प्रकारांत स्प्रिंगचा वाढता विरोध देत फिरली पाहिजे, आणि दुसऱ्या दिशेने मोकळी फिरली पाहिजे. दोन्ही दिशांना घट्ट असेल तर जाम आहे. दोन्ही दिशांना मोकळी असेल तर तुटलेली आहे आणि बॅटरी भरणे थांबेल. ती काढण्यास दातेरी टोकाचे विशेष हत्यार लागते. स्वस्त पडते म्हणून तिच्या जागी साधी घट्ट पुली बसवण्याचा जुगाड सर्रास होतो. तो करू देऊ नये, कारण मग आपला तिसरा टेन्शनरही त्याच वाटेने जाईल.

क्रँकची पुलीही याच वेळी पाहावी. ती एकसंध दिसली तरी मधला भाग आणि बाहेरचे कडे यांच्यामध्ये रबराचे वलय असते आणि ते इंजिनाची कंपने शोषते. या वयाच्या गाडीत ते रबर सुटू लागते. खडूने मधल्या भागापासून बाहेरच्या कड्यापर्यंत एक सरळ रेघ ओढावी आणि पंधरा-वीस किलोमीटर गाडी चालवून पुन्हा पाहावे. रेघ तुटून पुढे-मागे झाली असेल तर पुली त्वरित बदलावी. हा खर्च पुढे ढकलण्याजोगा नाही, कारण कडे निखळले तर पट्टा जातोच आणि शेजारच्या भागांचीही मोडतोड होते.

प्रश्न : वडिलांची १९८५ ची प्रीमियर पद्मिनी सांभाळली आहे. फॅन बेल्ट कितीही आवळला तरी चढावर चिरकतो. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेल्या या गाडीत पट्टा खरोखरच पंखा फिरवतो, आज ज्या गाड्यांत पंखा विजेवर चालतो त्यांच्या पट्ट्यालाही आपण ‘फॅन बेल्ट’ म्हणतो, ते याच पिढीच्या आठवणीने. आपला पट्टा शिरांचा नसून एकाच पाचरीच्या आकाराचा आहे. त्याची पकड दोन तिरक्या बाजूंवर असते. पुलीच्या खाचेच्या तळाला तो कधीच टेकता कामा नये. पट्टा काढून खाचेचा तळ पाहावा. तो घासून चकचकीत झालेला असेल तर पट्टा झिजून अरुंद झाला आहे, चुकीच्या मापाचा आहे, किंवा पुलीच खाल्ली गेली आहे, आणि अशा स्थितीत आवळून काही साधणार नाही. उलट अति ताणाने वॉटर पंपाचे बेअरिंग जाईल, ज्याचा सुटा भाग शोधणे आता सोपे राहिलेले नाही. योग्य पट्टा बसवल्यावर दोन पुल्यांमधील सर्वांत लांब भाग अंगठ्याने जोराने दाबला असता साधारण दहा मिलिमीटर खाली गेला पाहिजे.

प्रश्न : गणपतीसाठी पुण्याहून आंबोलीमार्गे सावंतवाडीला जायचे आहे. बेल्ट अधूनमधून वाजतो. असेच गेले तर चालेल का? तुटला तर काय होते? (एक वाचक, पुणे)

उत्तर : पट्टा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय जाऊ नये. बसमध्ये बसून जाता येते. घाटात, पावसात आणि सणाच्या गर्दीत बंद पडलेली गाडी मात्र सर्वांचीच परीक्षा पाहते. पट्टा तुटला की बॅटरीचा लाल दिवा लागतो, एसी थंड हवा देईनासा होतो, आणि तेलाच्या दाबावर चालणारे स्टिअरिंग असेल तर ते एकाएकी जड होते. वळणावर हे झाल्यास घाबरून जाऊ नये; स्टिअरिंग फिरते, फक्त जोर अधिक लावावा लागतो. वॉटर पंप या पट्ट्यावर असलेल्या गाडीत मात्र काही मिनिटांतच तापमानाचा काटा चढू लागतो. तेव्हा सुरक्षित जागा पाहून इंजिन लगेच बंद करावे. ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ या विचाराने सिलिंडर हेड वाकते. पंप टायमिंगच्या बाजूने चालणारी गाडी बॅटरीवर आणखी थोडे अंतर जाऊ शकते, पण रात्रीच्या पावसात दिवे आणि वायपर ती बॅटरी लवकर संपवतात. काही इंजिनांत फाटलेल्या पट्ट्याच्या चिंध्या क्रँकच्या पुलीमागून टायमिंग बेल्टपर्यंत पोहोचतात आणि मग नुकसान व्हॉल्व्ह व पिस्टनपर्यंत जाते.

पट्टा तपासताना केवळ भेगा शोधू नयेत. पूर्वी पट्टे निओप्रीनचे असत आणि म्हातारे झाले की त्यांना भेगा पडत. आताचे बहुतेक पट्टे ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात. त्यांना भेगा सहसा पडत नाहीत, टायरप्रमाणे ते झिजतात. शिरांमधील दरी नव्या पट्ट्यात इंग्रजी व्ही अक्षरासारखी निमुळती असते, झिजल्यावर ती यू अक्षरासारखी रुंद होते. वरून काळाभोर, निर्दोष दिसणारा पट्टा आतून संपलेला असू शकतो. एखाद्या शिरेचा तुकडा निघाला असेल, कडेचे धागे लोंबत असतील किंवा पट्ट्याला ऑइल लागले असेल, तर निघण्यापूर्वी तो बदलावाच. आणि ऑइल लागले असेल तर आधी गळती बंद करावी.

प्रश्न : पट्टा स्वतः बदलण्याची इच्छा आहे. दुकानदार ‘सगळे सारखेच असतात’ म्हणतो. काय पाहून घ्यावा आणि बसवताना काय सांभाळावे? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : सगळे सारखे नसतात. पट्ट्याच्या पाठीवर ‘६ पीके १७५०’ अशा धर्तीचा क्रमांक असतो : पहिला आकडा शिरांची संख्या, पीके हा शिरांचा आकार, ज्यात दोन शिरांमध्ये ३.५६ मिलिमीटर अंतर असते, आणि शेवटचा आकडा मिलिमीटरमध्ये लांबी. ‘१७६० चालून जातो’ असे सांगितले जाते. परंतु तेवढ्या फरकानेही टेन्शनर आपल्या मर्यादेच्या टोकाला जाऊ शकतो. जुन्या पट्ट्याच्या लांबीवरही विसंबू नये, कारण आधीच्या माणसाने तोही चुकीचा टाकलेला असू शकतो. गाडीच्या भागसूचीतील क्रमांक घ्यावा. काही गाड्यांत टेन्शनरच नसतो आणि स्वतः ताणला जाणारा लवचीक पट्टा असतो. तो काढताना कापावा लागतो, बसवण्यास खास हत्यार लागते आणि पेचकसाने चढवल्यास त्याच्या आतील दोर तुटतात. हे काम घरी करू नये. तसेच २०१५ मध्ये मारुती सुझुकीने सियाझ डिझेलमध्ये आणलेल्या एसएचव्हीएससारख्या पद्धतीत सिग्नलला थांबलेले इंजिन पट्ट्याच्याच जोरावर पुन्हा सुरू होते. अशा गाडीत त्याच पद्धतीसाठी बनवलेला पट्टा लागतो. दिसायला सारखा असलेला साधा पट्टा चालत नाही.

काम थंड इंजिनावर, किल्ली काढून आणि बॅटरीचे ऋण टोक सोडवून करावे. जुना पट्टा काढण्यापूर्वी त्याच्या मार्गाचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. पट्टा कोणत्या पुलीवरून शिरांच्या बाजूने आणि कोणत्या पुलीवरून पाठीच्या बाजूने जातो, हे नंतर आठवत नाही. टेन्शनर पान्याने ताणून धरताना हात घसरल्यास बोटे चिरडू शकतात, म्हणून त्याला खिळ घालण्याची सोय असेल तर ती वापरावी, आणि सोडताना तो झटक्याने न सोडता हळूहळू सोडावा. पट्टा शेवटी गुळगुळीत आयडलरवर चढवावा, खाचांच्या पुलीवर ढकलून चढवू नये. त्यानंतर प्रत्येक पुलीच्या दोन्ही कडांवर बोट फिरवून सर्व शिरा खाचांत बसल्या आहेत ना हे पाहावे, आणि शक्य असल्यास क्रँक पान्याने दोन फेरे फिरवून तीच तपासणी पुन्हा करावी. मग बॅटरी जोडावी, इंजिन सुरू करून पट्टा आयडलरच्या मध्यावर चालतो का हे एक मिनिट पाहावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड इंजिनावर, दिवे व ब्लोअर लावून एकदा लक्ष देऊन ऐकावे. ताण बोल्टने देण्याची गाडी असेल तर पुढची तपासणी आजच दिनदर्शिकेवर दोन आठवड्यांनंतरच्या तारखेला लिहून ठेवावी.